मैदानापर्यंतची वाट

मिरजेत गोल्फचे मैदान नाही. सतार आणि तानपुरा घडवणाऱ्यांच्या पेठा आहेत, दवाखाने आहेत, रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, आणि कुस्ती, क्रिकेट, फुटबॉल, बुद्धिबळ यांवर तासन्‌तास वाद घालणारी माणसे आहेत. अशा गावात बसून गोल्फवर मराठीत पुस्तक लिहायचे कारण काय, असे कोणीही विचारील. विचारावेच. त्याचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढची प्रकरणे कशासाठी वाचायची हे वाचकाला कळेल.

गोल्फ कसा खेळावा हे या पुस्तकात नाही. काठी कशी धरावी, खांदे किती वळवावेत, हे शिकवणारी पुस्तके आणि माणसे दुसरीकडे आहेत. मला कुतूहल आहे ते एकाच गोष्टीचे: जगातल्या मोठ्या स्पर्धेत उभे राहण्याचा हक्क खेळाडूला कोण देतो आणि कशाच्या जोरावर? विजेत्याची कहाणी सगळे सांगतात. त्या स्पर्धेत त्याचे नाव कसे लागले, हे फारसे कोणी सांगत नाही. गोल्फने हा प्रश्न जितक्या उघडपणे, जितक्या तपशिलात आणि जितक्या चुका करत सोडवला आहे, तितका फार थोड्या खेळांनी सोडवला असेल.

सातारा-सांगलीच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवून आले, तेव्हा भारतीय बॅडमिंटनपटूला परदेशी स्पर्धेचे आमंत्रण मिळणे हीच मोठी गोष्ट होती. पण त्याही आधीचे उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आहे. पैलवान खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला होता. तिथे ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मद्रासला झालेल्या निवडीत आपल्याला डावलले गेले, अशी त्यांची तक्रार होती. पतियाळाच्या महाराजांनी मनावर घेतले, पुन्हा कुस्ती लावून दिली, ती खाशाबांनी जिंकली आणि त्यांचे नाव संघात आले. मग प्रवासखर्चाचा प्रश्न. सरकारी दारातून रिकाम्या हाताने परतावे लागले. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या प्रवासाचे फळ म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक आपल्या सर्वांना ठाऊक आहे. एका महाराजांनी मनावर घेतले नसते तर ती निघालीच नसती, हे मात्र आपण सहसा बोलत नाही.

पुढच्या काळात वाटा बदलल्या. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी खेळला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय, अतनू दास आणि प्रवीण या तिघांनी भारतासाठी सांघिक जागा मिळवली. पण तिरंदाजीत अशी जागा देशाच्या नावावर जमा होते. तिथे नेमके कोण जाईल हे देशातल्या निवड चाचण्या ठरवतात. सांगलीच्या संकेत सरगरची वाट आणखी सरळ होती. डिसेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला राष्ट्रकुल वेटलिफ्टिंग स्पर्धेत ५५ किलो वजनगटात त्याने सोने घेतले आणि त्याच कामगिरीवर बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांचे दार उघडले. तिथे २०२२ साली त्याने २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले.

म्हणजे आपल्याच दोन जिल्ह्यांत तीन तऱ्हा दिसतात. एकाला कोणीतरी मोठ्या माणसाने न्याय मिळवून दिला, दुसऱ्याने मिळवलेली जागा देशाची झाली, तिसऱ्याच्या आकड्याने त्याला थेट आत नेले. गोल्फ या तिसऱ्या तऱ्हेचा सर्वांत जुना आणि सर्वांत गुंतागुंतीचा नमुना आहे.

हे गोल्फला जमले याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. ज्याने हा खेळ कधी पाहिला नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलपर्यंत चेंडू किती फटक्यांत जावा याचा एक अपेक्षित आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. अठरा होलांची पार मिळून बहुधा ७० ते ७२ भरते. मोठी स्पर्धा चार दिवसांची, रोज एक फेरी, एकूण ७२ होल. सर्वांत कमी फटके घेणारा विजेता. दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे ठरावीक क्रमांकाखालचे खेळाडू घरी जातात. ब्रिटनच्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये पहिले सत्तर आणि त्यांच्या बरोबरीचे तेवढे पुढे खेळतात. प्रत्येक होलवर पंच उभा नसतो. एकाचे गुणपत्रक सहखेळाडू लिहितो, स्वतः खेळाडू ते तपासून सही करतो, आणि एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी फटके नोंदवून सही केली तर तो स्पर्धेतून बाद होतो.

कुस्तीत समोरचा पैलवान कोण, यावर बरेच ठरते. आपल्याकडच्या जत्रेच्या मैदानात नेमलेल्या कुस्त्या आधीच पत्रकावर छापलेल्या असतात, बाकीचे पैलवान आखाड्यात फिरून जोड शोधतात, आणि जोड चुकीची पडली तर चांगला पैलवानही हात हलवत परततो. गोल्फमध्ये जोडच नाही. खेळाडू, मैदान, वारा आणि शेवटी एक आकडा. त्या आकड्यावर वशिला चालवणे फार अवघड असते. त्यामुळे शेकडो अनोळखी माणसांना एकाच दिवशी मैदानात सोडून त्यांतले चार-पाच निवडून घेणे या खेळाला शक्य झाले.

पुस्तकाचा पहिला भाग ओपन चॅम्पियनशिपविषयी आहे. ही जगातली सर्वांत जुनी मोठी गोल्फ स्पर्धा १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला सुरू झाली. आठ खेळाडू होते, सगळे व्यावसायिक. बारा होलांच्या मैदानाला एका दिवसात तीन फेऱ्या मारायच्या होत्या. विली पार्क जिंकला. दुसऱ्याच वर्षी हौशी खेळाडूंनाही प्रवेश मिळाला आणि स्पर्धा खऱ्या अर्थाने सर्वांना खुली झाली. त्या आठांच्या जागी आता १५६ खेळाडू असतात. ही संख्या वाढवता येत नाही, कारण उन्हाळ्यातला ब्रिटनचा दिवस कितीही लांब असला तरी तीन-तीनच्या जथ्यांनी याहून जास्त माणसे अंधार पडण्याआधी अठरा होल पूर्ण करू शकत नाहीत. पात्रतेचे सगळे शास्त्र या एका अडचणीतून जन्माला आले आहे: येऊ पाहणारे हजारो, जागा १५६.

यांतल्या बहुतेक जागा आधीच भरतात. ठरावीक वयापर्यंतचे माजी विजेते, इतर मोठ्या स्पर्धांचे अलीकडचे विजेते, जागतिक क्रमवारीतले पहिले पन्नास, अमेरिका आणि युरोपच्या व्यावसायिक स्पर्धामालिकांतले आघाडीचे खेळाडू, काही हौशी स्पर्धांचे विजेते. शिवाय २०१४ पासून आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा खंडांतल्या नेमून दिलेल्या स्पर्धांत वरचे स्थान मिळवणाऱ्यांना ओपनचा प्रवेश मिळतो. आपल्या खंडातल्या खेळाडूला त्यासाठी आधी ब्रिटनला जाण्याची गरज उरलेली नाही. उरलेल्या थोड्या जागांसाठी जे घडते ते मला या खेळातले सर्वांत रोचक वाटते. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मैदानांवर आधी प्रादेशिक फेरी होते, एका दिवसात अठरा होल. त्यातून निघालेले आणि काही थेट आलेले खेळाडू चार मैदानांवरच्या अंतिम फेरीला जातात. तिथे एका दिवसात छत्तीस होल, सकाळी अठरा, दुपारी अठरा. चारही मैदाने मिळून अलीकडे सोळा ते वीस जण आत जातात. कोणी क्लबमध्ये धडे देऊन पोट भरणारा, कोणी विद्यापीठात शिकणारा, कोणी कधीकाळचा विजेता, सगळे त्याच रांगेत.

कधीकाळचा विजेता हे शब्द उगाच लिहिले नाहीत. जस्टिन रोज हा २०१३ चा यूएस ओपन विजेता आणि रिओ ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. २०२४ साली त्याच्याकडे ओपनची थेट पात्रता उरली नव्हती. त्याने बर्नहॅम अँड बेरो इथल्या अंतिम फेरीत छत्तीस होल खेळून जागा मिळवली, आणि त्याच ओपनमध्ये रॉयल ट्रूनवर तो संयुक्त दुसरा आला. सर्जिओ गार्सिया, २०१७ चा मास्टर्स विजेता, लागोपाठ दोन वर्षे अशाच फेरीला गेला आणि दोन्ही वेळा बाहेर राहिला. त्याच्यासाठी नियम वाकला नाही. त्याआधी १९९९ मध्ये कार्नूस्टीला तर पात्रता फेरीतून आलेला पॉल लॉरी ओपन जिंकूनच गेला. शेवटच्या दिवशी तो दहा फटक्यांनी मागे होता.

दार इतके उघडे ठेवले की काही गमतीही होतात. १९७६ साली इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसचा मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट हा क्रेनचालक पात्रता फेरीच्या अर्जात स्वतःला व्यावसायिक म्हणवून घुसला. हौशी खेळाडूला आपले कौशल्य दाखवणारा हँडिकॅपचा आकडा द्यावा लागे, व्यावसायिकाला नाही, ही फट त्याने बरोबर हेरली होती. फॉर्म्बीच्या मैदानावर त्याने एका फेरीत १२१ फटके घेतले. ओपनच्या पात्रता फेरीत इतका वाईट आकडा कोणी नोंदवला नव्हता. संयोजक संतापले आणि त्यांनी त्याला बंदी घातली, पण तो पुढेही टोपणनावांनी अर्ज करत राहिला. या माणसाला पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, ते केवळ हसण्यासाठी नाही. फ्लिटक्रॉफ्टनंतर अर्जांची छाननी कडक झाली, पण पात्रता फेरी बंद झाली नाही. एका आगंतुकामुळे सगळ्यांना दार लावून घेण्याचा मोह संयोजकांनी टाळला, याचे मला मोल वाटते.

अमेरिकेची यूएस ओपन १८९५ पासूनची. तिला अलीकडे दर वर्षी दहा हजारांहून अधिक अर्ज येतात. आधी शंभराच्या वर ठिकाणी अठरा होलांची स्थानिक फेरी, मग छत्तीस होलांची अंतिम फेरी, आणि १५६ पैकी जवळजवळ निम्म्या जागा या मार्गाने भरतात. केन व्हेंचुरी १९६४ साली आणि ऑर्व्हिल मूडी १९६९ साली या दोन्ही चाळण्यांतून आले आणि विजेते झाले.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतल्याच ऑगस्टा क्लबची मास्टर्स स्पर्धा आहे. १९३४ साली सुरू झालेली ही स्पर्धा फक्त आमंत्रितांची. आमंत्रणाचे निकष आज छापलेले असतात, तरी त्यांबाहेरच्या एखाद्याला बोलावण्याचा अधिकार क्लबने राखून ठेवला आहे. २००७ मध्ये जीव मिल्खा सिंग तिथे खेळणारा पहिला भारतीय ठरला. २०१८ मध्ये शुभंकर शर्माला खास आमंत्रण मिळाले. आमंत्रण देणारा हात उदार असू शकतो, पण तो कोणाला वगळतो हेही पाहावे लागते, आणि इथे गोल्फचा इतिहास काळा आहे.

अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांना सभासदत्व देणारे कलम होते. म्हणजे नियम लिहिलेला होता, आणि तो अन्यायाचाच होता. चार्ली सिफर्ड या कृष्णवर्णीय खेळाडूच्या लढ्यानंतर ते कलम गेले. सिफर्डने १९६७ आणि १९६९ मध्ये मोठ्या मालिकेतल्या स्पर्धा जिंकल्या, तरी ऑगस्टाचे आमंत्रण त्याला कधीच आले नाही. पुढे मास्टर्सने नियम केला की मालिकेतली स्पर्धा जिंकणाऱ्याला आपोआप आमंत्रण मिळेल. ली एल्डरने १९७४ साली अशी स्पर्धा जिंकली आणि १९७५ मध्ये तो मास्टर्स खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. सिफर्ड आणि एल्डर यांच्या खेळात जितके अंतर होते त्याहून मोठे अंतर नियमाच्या त्या एका ओळीने पाडले.

दक्षिण आफ्रिकेतल्या पापवा सेवगोलमची गोष्ट आपल्याला आणखी जवळची. डर्बनच्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला हा माणूस कॅडी म्हणून गोऱ्यांच्या पिशव्या वाहत गोल्फ शिकला. काठी तो उलट्या हातांनी धरायचा. १९५९ साली त्याने नेदरलँड्समध्ये डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताची ओपन जिंकली तेव्हा क्लबच्या इमारतीत पाऊल टाकायला त्याला बंदी होती, म्हणून पाऊस पडत असताना त्याला चषक बाहेर उभे राहून घ्यावा लागला. पुढे वर्णद्वेषी राजवटीने त्याचे खेळणेच बंद केले. आकडा निःपक्षपाती असतो, पण आकडा नोंदवायला आधी मैदानात शिरू द्यावे लागते.

पुस्तकाचा दुसरा भाग जागतिक क्रमवारी आणि ऑलिंपिक यांविषयी आहे, आणि त्यात मराठी वाचकाला ओळखीचे नाव भेटेल. गोल्फची जागतिक क्रमवारी १९८६ पासून काढली जाते. दोन वर्षांतल्या स्पर्धांचे गुण धरतात. ताज्या तेरा आठवड्यांतल्या गुणांना पूर्ण वजन, मग ते हळूहळू घटत जाते. एकूण गुणांना स्पर्धांच्या संख्येने भागतात, मात्र भाजक चाळीसपेक्षा कमी धरत नाहीत, म्हणजे दोन-तीन स्पर्धा जिंकून घरी बसणाऱ्याला फुकटचा लाभ होत नाही.

ऑलिंपिकमध्ये गोल्फ १९०० आणि १९०४ साली होते, मग थेट २०१६ साली रिओला परतले. पुरुषांच्या साठ जागा. क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांत एका देशाचे चारपर्यंत खेळाडू येऊ शकतात, त्यापुढे एका देशाचे जास्तीत जास्त दोन. यजमान देशाला आणि प्रत्येक खंडाला किमान एक जागा. या दोनच्या मर्यादेमुळे क्रमवारीत बऱ्याच वर असलेले अमेरिकन घरी राहतात आणि तीनशेच्या पुढचा भारतीय आत येतो. काहींना हे अन्यायाचे वाटते. मला वाटत नाही. ऑलिंपिकला जगाचा मेळा म्हणायचे असेल तर जगातल्या देशांना त्यात जागा हवी, आणि ती जागा कशी मिळेल हे आधी सांगितलेले असेल तर तक्रारीला वाव राहत नाही.

पुण्याचा उदयन माने याच नियमाच्या कडेवर उभा होता. टोकियोसाठी जून २०२१ मध्ये यादी बंद झाली तेव्हा भारताच्या अनिर्बन लाहिरीला तळाची जागा मिळाली. उदयन जागतिक क्रमवारीत साडेतीनशेच्या जरा पुढे, आणि राखीव यादीत पहिला. महामारीमुळे काही खेळाडू नावे मागे घेत होते. जुलैच्या सुरुवातीला अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि ती जागा उदयनला मिळाली. त्यासाठी कोणाला तार करावी लागली नाही, कोणा महाराजांना मध्ये पडावे लागले नाही. यादीत पुढचे नाव कोणाचे, हे सगळ्या जगाला आधीपासून दिसत होते. टोकियोत उदयन साठांमध्ये पन्नाशीच्या पुढे राहिला, लाहिरी संयुक्त बेचाळिसावा. महिलांत जागतिक क्रमवारीतली दोनशेवी अदिती अशोक कांस्यपदकापासून एका फटक्याने दूर, चौथी आली. दोनशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला आत घेणारा नियम बरोबर होता, हे त्या एका आठवड्याने पुरेसे सिद्ध केले.

तिसरा भाग भारतातल्या वाटेचा. इथे सुरुवात आपल्याला वाटते त्याहून जुनी आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा. इंडियन ओपन १९६४ साली सुरू झाली. पहिला विजेता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन, दुसऱ्या वर्षी हौशी खेळाडू बिल्लू सेठी. भारतीय व्यावसायिकाला ती जिंकायला १९९१ उजाडले, आणि जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या क्लबमधला कॅडी होता. त्यानंतर कॅडींची आणि मैदानाची निगा राखणाऱ्यांच्या मुलांची रांगच लागली. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ताच्या हिरवळीची निगा राखत. २००८ मध्ये त्याने दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे दोनदा इंडियन ओपन, आणि रिओ ऑलिंपिकही खेळला. महूच्या मुकेशकुमारने २०१६ साली ५१ व्या वर्षी आशियाई मालिकेतली स्पर्धा जिंकली. महूचाच ओमप्रकाश चौहान २०२३ मध्ये भारतीय मालिकेच्या क्रमवारीत पहिला आला आणि दोन मालिकांमधल्या नव्या करारानुसार युरोपच्या मुख्य मालिकेचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, त्याला मिळाला.

ही भारतीय मालिका चालवणारी संस्था, प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, २००६ साली उभी राहिली. तिच्यात शिरायचे तर पात्रता शाळेतून जावे लागते. शाळा नावाची, प्रत्यक्षात ती चाळणीची स्पर्धाच. आशियाई मालिकेची अशी स्पर्धा थायलंडमध्ये होते, तिथे पहिल्या पस्तिसांना आणि बरोबरीच्यांना कार्ड मिळते. अमेरिकेच्या मालिकेत सोमवारच्या पात्रता फेरीची जुनी रीत आहे. गुरुवारी सुरू होणाऱ्या स्पर्धेच्या मोजक्या जागांसाठी सोमवारी अठरा होल. ऑगस्ट २०१० मध्ये अर्जुन अटवालचे कार्ड गेले होते. ग्रीन्सबरोच्या विंडहॅम चॅम्पियनशिपसाठी तो सोमवारच्या रांगेत उभा राहिला, आत आला आणि रविवारी ती स्पर्धा जिंकली. अमेरिकेच्या मुख्य मालिकेत जिंकणारा तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. सोमवारच्या फेरीतून येऊन जिंकण्याची घटना त्याआधी १९८६ साली घडली होती.

एवढे सांगून थांबलो तर चित्र फार गुलाबी होईल. नियम खुला असला तरी वाट स्वस्त होत नाही. भारतातल्या बऱ्याच स्पर्धांत एकूण बक्षीस एक कोटी रुपयांच्या आसपास असते आणि विजेत्याला त्यातले साधारण पंधरा टक्के मिळतात. कट पहिल्या पन्नासांवर लागतो. कट चुकला की हाती काहीच नाही, आणि तिकीट, राहणे, कॅडीचे पैसे मात्र द्यावेच लागतात. परदेशातल्या पात्रता फेरीला जायचे तर आधी प्रवेशशुल्क, व्हिसा, विमान. खाशाबांच्या वेळी निवड आणि खर्च असे दोन डोंगर होते. गोल्फने पहिला बराचसा सपाट केला, दुसरा तसाच उभा आहे.

त्याहून आधीचा अडथळा मैदानाचा. सरावासाठी अठरा होलांचे मैदान लागते. ते क्लबच्या, लष्कराच्या किंवा गृहप्रकल्पाच्या कुंपणात असते. दुष्काळी जत-आटपाडीच्या माणसाला ती हिरवळ दाखवली तर तो पहिला प्रश्न पाण्याचा विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मिरजेला मैदान हवे अशी मागणी करण्यासाठी हे पुस्तक लिहिलेले नाही.

आणि खुली वाट कायम खुली राहील असेही नाही. जून २०२२ मध्ये सौदी पैशावर सुरू झालेल्या लिव्ह मालिकेत सुरुवातीला ४८ खेळाडू, तीन दिवस, कट नाही, आणि बहुतेकांचे करार आधीच झालेले, अशी रचना होती. हरणाऱ्यालाही पैसे मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक क्रमवारीच्या मंडळाने या मालिकेला गुण देण्यास नकार दिला, आणि कारण खेळाच्या दर्जाचे नव्हते. बाहेरच्याला आत येण्याची आणि आतल्याला बाहेर जाण्याची पुरेशी सोय नाही, हे कारण होते. मंडळावर जुन्या मालिकांचे हितसंबंध असल्याचा आरोप झाला आणि त्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या तत्त्वावर तो निर्णय उभा होता ते मला पटते. ज्या स्पर्धेत उद्याचा अनोळखी खेळाडू शिरू शकत नाही, तिचा विजेता जगातला सर्वोत्तम आहे असे कोणी कशावरून म्हणावे?

वाचकाने हे पुस्तक कोणत्याही भागापासून वाचायला हरकत नाही. खेळ अजिबात ठाऊक नसेल तर पहिल्या भागातले ओपनचे प्रकरण आधी वाचावे. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्याने क्रमवारीचे प्रकरण सोडून उदयन मानेच्या प्रकरणाकडे जावे, तिथे तेच गणित माणसाच्या रूपात भेटते. क्रीडाशिक्षकांनी आणि तालमीच्या वस्तादांनी शेवटचा भाग जरूर वाचावा, कारण नियम कसा लिहावा आणि कसा लिहू नये, दोन्हींचे नमुने तिथे आहेत.

त्यांच्यासाठीच शेवटी एक विनंती. आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात, शाळेत दर वर्षी निवड चाचण्या होतात. २०२३ साली महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. तिच्यामागून येणाऱ्या शेकडो मुली आता अशा चाचण्यांना उभ्या राहतील. त्या चाचणीच्या आधी निकष कागदावर लिहा, तो कागद फलकावर लावा, राखीव खेळाडूंचा क्रमही त्यावर छापा, आणि निकाल लागल्यावर तो बदलू नका. याला पैसा लागत नाही, मैदानही लागत नाही. पालकांनीही आपल्या मुलाला वा मुलीला चाचणीला पाठवण्याआधी हा कागद मागून घ्यावा.